खटक्याचा चाकू, कमरेचा कोयता

पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्याला येणाऱ्या शहरी मंडळींच्या खिशाच्या काठावर हल्ली एक स्टीलची क्लिप दिसते. क्लिपच्या मागे चारेक इंचांचा चपटा, मिटलेला चाकू असतो. पात्याच्या बुडाशी असलेलं बोंड अंगठ्याने जरासं ढकलायचं, की पुढचं काम आतली स्प्रिंग करते. ‘खट्’ असा आवाज होतो आणि पातं सरळ होऊन जागेवर बसतं. बाजारात याला असिस्टेड ओपनिंग चाकू म्हणतात. त्याच्या पोलादाच्या प्रतीवरून हौशी मंडळींत मोठे वाद चालतात, उघडण्याचा वेग सेकंदाच्या अंशांत सांगितला जातो, आणि किंमत काही हजारांपर्यंत सहज जाते. रोज जवळ बाळगायला हा चाकू कितपत कामाचा, हा या लेखाचा प्रश्न. तो दाभोशाच्या परिसरात विचारायला कारण आहे. जव्हार-मोखाड्यात रानात जाणाऱ्या माणसाचं रोजचं पातं त्याच्या पेहरावाचाच भाग असतं, त्यामुळे इथे तुलनेला कसलेला मापदंड हाताशी आहे.

तो मापदंड म्हणजे कोयता. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, कोणीही असो, रानाकडे निघालेल्या माणसाच्या कमरेला पाठीमागे लाकडाची आकडी बांधलेली असते आणि तिच्यात कोयता उघडाच अडकवलेला असतो. म्यान नाही, बंद नाही, झाकण नाही. पात्याची पाठ जाड, मुठीकडे पातं निमुळतं, पुढे रुंद होत गेलेलं आणि टोकाला आत वळलेलं. वजन पुढच्या अंगाला असल्यामुळे घाव घालताना मनगटाला फार जोर लावावा लागत नाही, पातं आपल्याच भाराने उतरतं. वळलेल्या टोकाचा उपयोग वेगळाच. काटेरी फांदी हात न लावता ओढायची, भारा पुढे सरकवायचा, झुडपातून वाट करायची, ही कामं तेच करतं.

वर्षभर कोयत्याला उसंत नसते. पावसाआधी राब भाजायचा तर ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटून आणाव्या लागतात. फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजायची आणि पहिल्या पावसाच्या सुमारास तिथे भात, नागली, वरई यांची रोपं करायची. मग कुंपण, जळणाची मोळी, मांडवाच्या मेढी, टोपल्यांसाठी बांबू. फांद्या छाटणारा माणूस एकदा नीट पाहावा. खोडावर चढताना त्याला दोन्ही हात लागतात. वर पोहोचल्यावर डावा हात फांदीला वेढा घालतो, उजवा पाठीमागे जातो आणि न बघता मुठीवर पडतो. दोन-तीन घाव, फांदी खाली, आणि कोयता पुन्हा न बघता आकडीत. नजर सगळा वेळ पायाखालच्या फांदीवर.

एका हाताने पातं बाहेर काढता यावं, ही असिस्टेड चाकूची सगळ्यात मोठी जाहिरात. जव्हारच्या माणसाने तो प्रश्न एका लाकडी आकडीत सोडवलेला आहे. त्याने सोडवलेला दुसरा अर्धा भाग मात्र जाहिरातीत कुठेच नसतो: एका हाताने, न बघता, पातं परत जागेवर ठेवणं.

आधी या चाकूची यंत्रणा समजून घेऊ, कारण गैरसमज तिथेच फार आहेत. बटणाचा चाकू वेगळा. त्यात पातं स्प्रिंगच्या दाबाखाली कायम ताणलेलं असतं आणि मुठीवरचं बटण दाबलं की सुटतं. असिस्टेड चाकूत मिटलेल्या अवस्थेत पात्याचा कल मिटून राहण्याकडेच असतो. ते अंगठ्याने किंवा मागच्या बाजूला आलेल्या छोट्या पंखाने ढकलून काही अंश उघडावं लागतं. तो टप्पा ओलांडला की मुठीत बसवलेली बारीक पीळदार सळई पात्याला पुढे लोटते. केन ओनियन या अमेरिकी कारागिराने केर्शॉ कंपनीसाठी ही रचना १९९० च्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय केली. त्याचाच ‘लीक’ हा चाकू आज या जातीचा नमुना मानला जातो: पातं तीन इंचांचं, अंग सडपातळ, आणि मिटलेलं पातं खिशात आपोआप उघडू नये म्हणून टोकाशी एक सरकता अडसर.

ही सगळी खटपट पुष्कळ अंशी कायद्याने घडवली आहे, हे लक्षात घेतलं की तिचा अर्थ लागतो. अमेरिकेने १९५८ मध्ये बटणाच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. मग बटण न लावता बटणाइतकाच चटकन उघडणारा चाकू कसा करता येईल, यावर कारागिरांची डोकी चालली. २००९ मध्ये तिथल्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन, मिटण्याकडे कल असलेले आणि हाताने ढकलून उघडावे लागणारे चाकू त्या बंदीतून स्पष्टपणे बाहेर काढले गेले. ब्रिटनने उलट केलं. २०१९ च्या कायद्याने तिथे व्याख्या रुंदावून असिस्टेड चाकूही बटणाच्या चाकूच्या रांगेत बसवले. एकच सळई, दोन देश, दोन निकाल. थोडक्यात, हा वेग कुण्या शेतकऱ्याने, माळ्याने किंवा खलाशाने मागितलेला नव्हता.

उघडण्याबद्दल तक्रारीला जागा कमी आहे. चांगल्या बनावटीचा असिस्टेड चाकू ओल्या हातानेही उघडतो, आणि दुसऱ्या हातात दोरी, छत्री किंवा पोर असेल तर ही सोय खरीच उपयोगी पडते. अडचण काम झाल्यावर सुरू होते. या चाकूंत पातं उघडं धरून ठेवणारी पट्टी बहुतेक वेळा मुठीच्या आतच असते. मिटवायचं तर अंगठ्याने ती पट्टी बाजूला दाबायची आणि बोटाने पातं ढकलायचं. म्हणजे काही क्षण अंगठा थेट पात्याच्या वाटेत असतो. साध्या चाकूत पातं सैल फिरतं, इथे मात्र स्प्रिंग उलट रेटत असते, म्हणून जोर जास्त लावावा लागतो. जोर लावताना अंगठा हलला, किंवा पट्टीवर पावसाचं पाणी असलं, की जे व्हायचं ते होतं. दाभोशाच्या कातळावर, शेवाळावर एक पाय टेकवून हे करून पाहावं म्हणजे कळतं. उघडायला पाव सेकंद आणि मिटवायला दोन्ही हात, असा व्यवहार असेल तर मग वाचलं काय?

आता कापायचं काय, हेही प्रामाणिकपणे बघायला हवं. सहलीला आलेल्या माणसाचं काम म्हणजे दुधाची पिशवी, फरसाणाचं पाकीट, चिकटपट्टी, कांदा-काकडी, बुटाची तुटकी नाडी, फार तर चूल पेटवायला चिरायची काडी. यातल्या कुठल्याच कामाला घाई नसते. दोरीवरून कड्याखाली उतरण्याचे खेळ दाभोशाला चालतात. तिथे एका हाताने उघडणाऱ्या पात्याची गरज पडू शकते, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा. भार घेतलेली दोरी पात्याच्या नुसत्या स्पर्शानेही तुटू शकते, म्हणून अशा जागी टोकदार पातं जितकं कमी तितकं बरं. गरज पडलीच तर बोथट टोकाचं, दातेरी पातं हवं आणि ते गळ्यात किंवा पट्ट्याला बांधलेलं हवं. तीक्ष्ण टोकाचा, स्प्रिंगने उडणारा चाकू लटकत्या माणसाच्या हातात देणं मला तरी पटत नाही.

एक गैरवापर मात्र मुद्दाम सांगायला हवा, कारण तो रानात खरोखर घडतो. सर्पदंश झाल्यावर ‘जरा काप देऊन रक्त काढू’ म्हणून चाकू बाहेर काढणारे अजून भेटतात. याने विष निघत नाही, जखम मात्र वाढते. काही विषांनी रक्त गोठेनासं होतं, तिथे हा काप जिवावर बेतू शकतो. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि गाडी जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयाकडे घ्यावी. चाकू खिशातच राहू द्यावा.

पोलादाच्या बाबतीत तुलना जास्त रंगते. लीकच्या अलीकडच्या पात्यांत वापरलं जाणारं १४सी२८एन हे मूळ स्वीडनच्या सँडविकचं पोलाद. त्यात कार्बन सुमारे ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन असतो. आपल्याकडे खेड्यातला लोहार कोयता बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतो. त्या पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५५ ते ०.६५ टक्के असतो. म्हणजे कार्बनच्या हिशेबाने हजारो रुपयांचं पातं आणि भंगारातल्या पाट्याचा कोयता शेजारी-शेजारीच बसतात! फरक क्रोमियमचा आणि पाणी देण्याच्या पद्धतीचा. कारखान्यात तापमान अंशावर राखलं जातं. लोहार भट्टीतल्या पात्याचा रंग डोळ्यांनी जोखतो आणि धारेचाच भाग पाण्यात बुडवतो, म्हणजे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. घाव घालायच्या हत्याराला नेमकं हेच हवं असतं. धार दुमडली तर कानशीने सरळ होते, आणि ओढ्यातल्या बारीक पोताच्या दगडावर पाजवली की संध्याकाळपर्यंत चालते.

क्रोमियमचा फायदा पावसात कळतो आणि तो मान्य केला पाहिजे. जव्हार-मोखाड्याचा पावसाळा पात्यांची परीक्षाच घेतो. जूनपासून चार महिने हवा ओली, कपडे ओले, पिशवी ओली. कमानपाट्याचा कोयता रात्रभर पुसल्याशिवाय राहिला की सकाळी तांबूस दिसतो. त्याला गंजाची पर्वा नाही, एकदा दगडावर फिरवला की तो कामाला तयार. खिशातल्या चाकूचं तसं नसतं. गंज धारेवर चढण्याआधी सांध्यात शिरतो. १४सी२८एन इथे चांगलं टिकतं. डी२ नावाचं पोलाद स्वस्त चाकूंत फार मिरवलं जातं. ते धार खूप दिवस धरतं, पण पुरतं गंजरोधक नाही, आणि रानात साध्या दगडावर ते पाजवणं म्हणजे दुपार घालवणं. फ्रान्सच्या ओपिनेलचा लाकडी मुठीचा घडीचा चाकू मला एरवी फार आवडतो. १८९० पासूनची घडण, १९५५ पासून मुठीला फिरतं कडं, आणि धार अशी की टोमॅटोही न दबता कापला जावा. पण त्याची बीच लाकडाची मूठ भर पावसात फुगते आणि पातं खाचेत असं अडकून बसतं की निघता निघत नाही. दिवाळीनंतर न्यावा.

ओलीइतकाच दुसरा शत्रू म्हणजे माती. कड्याखाली उतरताना माणूस दोनदा तरी बुडावर बसतो, आणि तांबडी माती खिशात, खिशातून मुठीत जाते. साधा घडीचा चाकू पाण्यात हलवला, फुंकर मारली, तेलाचा थेंब सोडला की झालं. असिस्टेड चाकूत सळईची खाच, पट्टीची खाच, अडसराची खाच अशा मातीने बसायच्या जागा जास्त. सळई कधी मोडलीच तर चाकू निकामी होत नाही, साध्या चाकूसारखा हाताने उघडतो. त्यावर माझं म्हणणं इतकंच, की मग पहिल्यापासून साधाच का घेऊ नये?

आता पात्याभोवतीच्या माणसांकडे वळू, कारण मूल्यमापनातला निम्मा भाग तिथे आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या व्याख्येतच केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रातून वगळल्या आहेत. नियमांतल्या पाचव्या वर्गात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात, आणि तिथेही घरगुती, शेतीची, शास्त्रीय, औद्योगिक हत्यारं बाजूला काढली आहेत. बरेच कोयते दोन इंचांहून रुंद भरतात. ते सुटतात ते शेतीचं अवजार म्हणून, मापामुळे नव्हे. तीन इंचांचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. तेव्हा कागदावर खिशातला चाकू जास्त निर्धोक ठरायला हवा.

प्रत्यक्षात उलट घडतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१) खाली सणासुदीला, निवडणुकीला, आंदोलनाच्या सुमारास मनाई आदेश निघतात. त्यांत तलवारी-भाल्यांबरोबर सुरे, लाठ्या-काठ्याही येतात, आणि मोडल्यास कलम १३५ आहेच. अशा दिवसांत नाक्यावरच्या तपासणीत खिशातून ‘खट्’ करून उघडणारं काही निघालं, तर इंचांचा हिशेब ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नसतं. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेने स्प्रिंगचे, बटणाचे, गरारीचे (दात्यांवर अडकत उघडणारे) आणि कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू वेगळे काढले आहेत, ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद पात्याचे. तीन इंच म्हणजे बरोबर ७.६२ सेंटिमीटर. लीकसारखा चाकू घेऊन दिल्लीला जाणाऱ्याने पातं पट्टीने मोजत बसण्यापेक्षा तो घरी ठेवावा. विमानाच्या केबिनमध्ये तर कुठलाच चाकू नेऊ देत नाहीत.

या संशयाचा बराचसा वारसा रामपूरचा आहे. उत्तर प्रदेशातल्या त्या गावचा लांब पात्याचा, गरारीचा चाकू हिंदी सिनेमाने घराघरांत पोहोचवला. खलनायकाने तो उघडला की कडकड आवाज व्हायचा आणि थिएटर चिडीचूप व्हायचं. रामपूरने स्वतः या बदनामीचं काही मनावर घेतलेलं दिसत नाही. २०२३ मध्ये तिथल्या चौकात सुमारे २० फुटांचा चाकू उभारला गेला. पण आपल्या कानांत बसायचा तो आवाज बसलाच. जव्हारच्या एसटीत कमरेला कोयता लावून कोणी चढलं तर शेजारचा फार तर जरा सरकून बसतो. त्याच गाडीत संत्रं सोलायला कोणी स्प्रिंगचा चाकू उघडला, तर पुढच्या दोन रांगा वळून बघतात. कोयता आकाराने दहापट भयानक, पण तो दिसतो, आणि त्याच्या मालकाला आज काय काम आहे तेही दिसतं.

हे दिसणं ठिकाणाशी बांधलेलं आहे. पुण्यात ‘कोयता गँग’च्या बातम्यांनी वैताग आणला तेव्हा, २०२३ च्या सुरुवातीला, कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड नोंदवून घ्यायला पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं. ऊसतोडीपासून नारळापर्यंत ज्याच्यावर संसार चालतात, ते अवजार शहरातल्या रस्त्यावर दुचाकीवरून फिरवलं गेलं आणि त्याची ओळख बदलली. मोखाड्यात मात्र आजही कमरेला कोयता नसलेला गडी रानाकडे निघाला, तर ‘कोयता विसरला काय रे?’ असंच विचारतील.

तेव्हा सहलीला येणाऱ्याने काय घ्यावं? माझं मत साधं आहे. पाकिटं, फळं, दोरा, काडी एवढ्यासाठी व्हिक्टोरिनॉक्सचा लाल मुठीचा, कुलूप नसलेला छोटा घडीचा चाकू पुरतो. नखाने उघडायचा, दोन्ही हातांनी मिटवायचा, कात्रीवालं मॉडेल मिळालं तर उत्तम, कारण रानात पात्याहून कात्रीच जास्त वेळा लागते. ज्याला एका हाताने उघडणारा हवाच आहे, त्याने बिनस्प्रिंगचा, बोंडाचा किंवा पात्याला भोक असलेला चाकू बघावा. त्यातही पाठीकडे कुलूप असलेला घेतला तर मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेबाहेर राहतो. असिस्टेडची हौस फिटतच नसेल तर अडसर असलेला घ्यावा, तो अडसर खरोखर लावायची सवय करावी, पातं तीन इंचांच्या आत ठेवावं आणि पोरांच्या हातात खेळणं म्हणून कधीही देऊ नये. उघडून दाखवण्याचा मोह या चाकूचा सगळ्यात वाईट गुण आहे. दुकानात तो उघडून बघायची गरज नाही, प्रत्येकच उघडतो. एका हाताने, नजर समोर ठेवून, पाच वेळा मिटवून बघावा. तिसऱ्या वेळेपर्यंत निर्णय होऊन जातो.

आणि जव्हारच्या बाजारातून कोयताच न्यावासा वाटला, परसातल्या केळीसाठी किंवा नारळासाठी, तर पाट्याचा आहे का ते विचारावं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकावा आणि मूठ ढिली नाही ना ते हलवून पाहावं. आकडी मिळाली तर तीही घ्यावी. मात्र परतीच्या वाटेवर तो पोत्यात गुंडाळून, सुतळीने बांधून, डिकीत तळाला ठेवावा. घाट उतरून ठाण्याच्या नाक्यावर पोचेपर्यंत त्याची ओळख पुण्यातल्या कोयत्यासारखी झालेली असते.